दुसऱ्याच्या ओळीतली भाषा

बिडुम, इरार, मोठो, नालो. त्यापुढे पाच, सहा, सात.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे निहाल लोक आपल्या भाषेत असं मोजतात. दोन, तीन आणि चारचे शब्द द्राविड कुळातल्या आकड्यांचे सोयरे आहेत, पाचापासून थेट आपलेच आकडे सुरू होतात, आणि 'एक'चा शब्द कुणाचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा ऐकताना मराठी कान फसतो. 'मोठो' म्हणजे मोठा असं वाटतं, आणि तो निघतो तीन.

लहानपणी जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात ही मोजणी मी ऐकलेली असणार. 'असणार' एवढंच म्हणतो, कारण तेव्हा ती कानावरून गेली. डोंगरातून डिंक, चारोळी, मोहफुलं घेऊन उतरणारी माणसं बाजाराच्या कडेला फडकं पसरून बसत. त्या सगळ्यांना आमच्याकडे एकच नाव होतं : कोरकू. त्यांतले काही कोरकू नाहीत, ते आपसांत बोलतात ती कोरकूही नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी पुण्यातल्या एका ग्रंथालयात, धूळ झटकून घेतलेल्या एका इंग्रजी पुस्तकात, मला माझ्या तालुक्यातल्या गावांची नावं भेटली. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा. स्वतःच्या घराचा पत्ता दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा तसं वाटलं. हे पुस्तक लिहिण्याचं मूळ त्या ओशाळलेपणात आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या गावाच्या नावात एक गंमत आहे. खानदेशातल्या मोठ्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून आमच्या जळगावाने शेजारच्या जामोदचं नाव पाठीला बांधून घेतलं. पोस्टाच्या शिक्क्यावर, एसटीच्या पाटीवर, सातबाऱ्यावर जामोद रोज लिहिलं जातं. जामोदचं नाव आम्ही घेतलं आणि जामोदच्या वेशीपलीकडे बोलली जाणारी भाषा मात्र आम्हाला कधी ऐकू आली नाही.

*

निहाली ही भाषाशास्त्राच्या हिशेबात एकाकी भाषा आहे. मराठी, हिंदी, बंगाली या एका गोतातल्या. कानडी, तेलुगू, गोंडी दुसऱ्या. कोरकू ही मुंडा कुळातली, तिच्या बहिणी संथाळी, मुंडारी, हो या दूर झारखंडाकडे. ही एकटीच पार पश्चिमेला सातपुड्यात येऊन राहिलेली. निहालीला असं गोत सापडलेलं नाही. भारतीय उपखंडात अशा भाषा बोटांवर मोजण्याइतक्या : हुंझाच्या खोऱ्यातली बुरुशास्की, नेपाळातली कुसुंडा आणि आपली निहाली. बुरुशास्कीमागे हिमशिखरं आणि जगभरचे प्रवासी आहेत. कुसुंडाची बातमी अधूनमधून जगाच्या वर्तमानपत्रांत येते. निहालीची बातमी बुलढाण्याच्या वर्तमानपत्रात येणंही अवघड.

वास्तविक आमचा जिल्हा दुर्मीळ गोष्टींची बूज राखणारा आहे. लोणारला उल्का पडून बेसॉल्टच्या खडकात विवर झालं, त्याला २०२० मध्ये रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला तेव्हा केवढा आनंद झाला. सिंदखेडराजात १२ जानेवारीला पाय ठेवायला जागा नसते. शेगावची वारी आहे. आमच्याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, पावसाचं आणि पिकांचं भाकीत ऐकायला शेतकरी लांबून येतात, कॅमेरे येतात. यातलं कशालाच मी कमी लेखत नाही. पण लोणारसारखी विवरं जगात आणखी आहेत. निहाली बोलणारी माणसं तापीच्या दक्षिणेच्या या चिंचोळ्या पट्ट्याखेरीज पृथ्वीवर कुठेही नाहीत : आमच्या जिल्ह्यातली ही मूठभर गावं आणि डोंगर ओलांडला की बऱ्हाणपूरकडचं टेंभी. १९९१च्या सुमारास निहालांची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास आणि त्यांत भाषा बोलणारे दोन हजार, असा अंदाज होता. युनेस्कोच्या नकाशात ती अतिसंकटग्रस्त भाषांमध्ये आहे. त्या यादीत महाराष्ट्राच्या नावापुढे निहाली लिहिलेलं असतं, आणि ते वाचून आपल्या राज्यात अशी भाषा आहे हे कळणारे सुशिक्षित लोक मी बरेच पाहिलेत. मीही त्यांतलाच.

इथे एक खुलासा करून टाकतो. 'नहाली' नावाची एक वेगळीच, आर्यकुळातली बोली महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. जुन्या पुस्तकांत निहालीलाही 'नहाली' म्हटलेलं आढळतं. दोन्हींची सरमिसळ करून लिहिलेले लेख आहेत. या पुस्तकात निहाली म्हणजे फक्त ही, गोत नसलेली.

*

निहालीचा लेखी इतिहास शोधायला बसलो आणि एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येत राहिली. जिथे म्हणून ही भाषा किंवा ही माणसं कागदावर आली, तिथे ती दुसऱ्या कुणाच्या तरी ओळीत आली.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा ग्रंथ १९१६चा. जुन्या कागदपत्रांत डोंगरी लुटारूंसाठी नहाल, भिल्ल, कोळी असा एकत्रच उल्लेख होत असे, हे त्यात नमूद आहे. आपण 'चोरचिलटं' म्हणतो तसा तो जोडशब्द. त्यात कोण नहाल, कोण भिल्ल, हे विचारायचं नसतं. ग्रंथकर्त्यांनी तरी वेगळं काय केलं? भिल्ल आणि कोरकू यांच्या मिश्रणातून झालेली जमात असावी, असं म्हणून ते पुढे गेले.

त्याआधी १९०६ मध्ये ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड निघाला होता. मुंडा आणि द्राविड भाषांचा हा खंड स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केला. त्यात नहालीला जागा मिळाली ती कुर्कूच्या, म्हणजे कोरकूच्या, प्रकरणात. मूळची कुर्कूसारखी मुंडा बोली, मग तिच्यावर द्राविड पुटं चढली, त्यावर आर्य पुटं, असं त्याचं निदान. पुटं त्याने बरोबर ओळखली. पुटांखाली काय आहे ते मात्र त्याने गृहीत धरलं.

त्यानंतर १९४० च्या सुमारास रॉबर्ट शेफर यांचा लेख हार्वर्डच्या नियतकालिकात आला. मानवशास्त्र सर्वेक्षण विभागाचे सुधीभूषण भट्टाचार्य प्रत्यक्ष फिरले, त्यांची टिपणं १९५७ मध्ये छापली गेली, आणि त्या टिपणांच्या आधारे लायडनचे संस्कृत पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये ॲमस्टरडॅमहून एक पुस्तक काढलं. निहालीच्या अभ्यासात या पुस्तकाइतका बहुधा कशाचाच आधार घेतला गेला नसेल. कायपर यांनी शब्द एकेक करून पारखले. हा कोरकूतून आला, बाजूला ठेवा. हा द्राविड, हा मराठी-हिंदीतला, बाजूला ठेवा. असं करत गेल्यावर सुमारे पाव हिस्सा शब्द हातात उरले, ज्यांना कुणीही वारस नाही. आणि उरलेले कोणते? अडगळीतले नाहीत. पाणी म्हणजे जोप्पो. आग म्हणजे आपो. डोळा म्हणजे जीकित. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात, आगीला 'सिंगेल'. शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहून, त्याच्या शेतात राबून, त्याचे शेकडो शब्द उचलूनही पाणी आणि आग निहालांनी आपलीच ठेवली. आमचा भाग खारपाणपट्ट्याला लागून आहे. इथे गोडं पाणी कुठे लागतं हे ज्याला आधी कळलं तो इथला जुना. जोप्पो या शब्दाचं वय कुणी काढू शकत नाही, पण तो उसना नाही, आणि इथल्या माणसाला एवढं पुरेसं आहे.

याच कायपर यांनी एक शंकाही काढली, आणि ती निहालीला अजून चिकटून आहे. ही भाषा नसून चोरभाषा असेल काय? म्हणजे कोरकूवर मुद्दाम चढवलेला मुखवटा, परक्याला कळू नये म्हणून बनवलेले शब्द. शंका अगदीच निराधार नव्हती. आपल्याकडे अशा सांकेतिक बोलींची मोठी परंपरा आहे. दलालांची नंदभाषा होती, गोंधळ्यांची करपल्लवी आहे, भटक्या जमातींच्या आपापल्या गुप्त बोली आहेत. पोलीस आणि सावकार दोघेही पाठीवर असले की माणूस भाषेला कडी लावतो. आणि निहालांच्या पाठीवर त्याहून भयंकर काही होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या एका राज्यकर्त्याने निहालांना लुटारू ठरवून त्यांची कत्तल केली, असं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन झाईड यांनी नोंदवलं आहे. त्यातून जे वाचले त्यांनी आपली भाषा परक्यासमोर न बोलण्याची शपथ घेतली असली तरी मला नवल वाटणार नाही.

पण भाषा लपवणं वेगळं आणि लपवण्यासाठी भाषा घडवणं वेगळं. नंदभाषा मूल आईच्या मांडीवर शिकत नाही. बापाच्या धंद्यात उतरलं की शिकतं. निहाली घरात, चुलीपाशी शिकली जाते. बाहेरचे शिकत नाहीत, हे खरं. तेवढ्यावरून तिला चोरभाषा म्हणायचं, तर सासरच्या माणसांदेखत माहेरची बोली बोलणाऱ्या प्रत्येक सुनेला चोर म्हणावं लागेल. एखादी जुनी, अस्सल भाषा लपाछपीच्या कामीही येऊ शकते. कायपर यांनी शंका सावधपणे मांडली होती. पुढच्यांनी त्यातला सावधपणा गाळला आणि शंका तेवढी ठेवली. 'लुटारूंची जमात' आणि 'चोरांची भाषा' हे दोन शिक्के एकमेकांना इतके बेमालूम जुळतात, की दुसरा शिक्का मारताना पहिल्याने हात धरला होता की काय, असं वाटत राहतं.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकायला मिळतो : साठ-सत्तर टक्के शब्द कोरकूचे, द्राविडांचे आणि मराठीचे, व्याकरणातही कोरकूचा मोठा वाटा, मग उरलं काय? हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. शिवकालात दरबारी मराठीत फारसी इतकी भरली होती की रघुनाथपंडितांना राज्यव्यवहारकोश रचावा लागला. त्यानंतरही अर्ज, तारीख, जमीन, वकील, हजर, हुकूम हे शब्द आपल्या दारातून हलले नाहीत. अक्का-अण्णा दक्षिणेकडचे. टेबल आणि पोलीस यांबद्दल बोलायलाच नको. म्हणून मराठीला कुणी फारसीची पोटभाषा म्हणत नाही. मराठीच्या उसनवारीला आपण संस्कृतीचा संगम म्हणतो आणि निहालीची उसनवारी दिसली की भेसळ म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात ठरली तेव्हा जळगाव जामोदच्या चौकातही पेढे वाटले गेले असतील. मीही खाल्ले. अभिजात म्हणवून घ्यायला जुने शिलालेख लागतात, ग्रंथ लागतात. निहालीकडे एकही नाही. तिच्याकडे आहे तो फक्त न जुळणारा तो पाव हिस्सा, आणि तो या भूमीवर आपल्या कोणत्याही शिलालेखाच्या आधीपासून असण्याची शक्यता आहे.

*

स्वातंत्र्यानंतर ओळी बदलल्या, पण निहाल दुसऱ्याच्याच ओळीत राहिले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एक नोंद अशी आहे : कोरकू, बोपची, मवासी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया. सात नावं, एक ओळ. दाखला मिळतो, सवलत मिळते, ते वाईट नाही. पण निहाल किती, हे त्या ओळीतून कधीच बाहेर येत नाही. जनगणनेत मातृभाषेचा रकाना आहे. मात्र १९७१पासून ज्या भाषेचे बोलणारे दहा हजारांहून कमी ती छापील तक्त्यात वेगळी दाखवत नाहीत, 'इतर'मध्ये घालतात. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक निघाले. कोरकूची ओळ लांब होत गेली, आणि त्या ओळीत निहाली दिसेनाशी झाली. मुळात रकाना भरणाऱ्या शिक्षकाने 'भाषा कोणती?' असं विचारलं, की दारात उभा असलेला निहाल 'कोरकू' सांगतो किंवा 'मराठी'. खोटं बोलतो असं नाही. तो तिन्ही बोलतो. विचारणाऱ्याला कळेल असं उत्तर देतो इतकंच.

निहालीचं आजारपण मला या दारातल्या उत्तरात दिसतं. वक्ते ते नेहमी 'नव्या पिढीची उदासीनता' यात शोधतात. निहाल बहुतेक शेतमजूर. कुणी कोरकूंच्या शेतावर राबतो, कुणी खाली सपाटीवर सालदारीने राहतो. कोरकू स्वतः गरीब. पण गरिबांतही उतरंड असते आणि निहाल त्यात खालच्या पायरीवर. म्हणजे मालकाशी कोरकू, बाजाराशी आणि शाळेशी मराठी, ट्रकवाल्याशी आणि बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी हिंदी, आणि निहाली फक्त घरात, दार अर्धं लोटून. चार-चार भाषा अस्खलित बोलणारा हा माणूस आपल्याकडे अडाणी म्हणून ओळखला जातो.

लाज कशी काम करते ते मला थोडं ठाऊक आहे. घाटाखालची आमची वऱ्हाडी. शिकायला मोठ्या शहरात गेलो तेव्हा वर्गात 'मले' आणि 'तुले' तोंडून गेलं, वर्ग हसला, शिकवणारेही हसले. त्यांनी काही दुष्टपणा केला नाही. त्यांना खरंच गंमत वाटली. महिन्याभरात मी 'मला' म्हणायला शिकलो. घरी आलो की 'मले' आणि तिकडे 'मला', अशी दोन खिशांत दोन नाणी ठेवून मी जगलो. माझी मुलं फक्त 'मला' म्हणतात. वऱ्हाडीचं काही बिघडलं नाही, लाखो लोक ती बोलतात, तिच्यात कविता होते, नाटकं होतात. पण हाच प्रकार दोन हजार बोलणाऱ्यांच्या भाषेत झाला, तर हसणाऱ्या वर्गाला कळतही नाही आपण काय केलं ते.

जंगलाचं काय झालं तेही यात येतं. सातपुड्याचा हा भाग मेळघाटाला लागून आहे, अंबाबरवा अभयारण्य व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. मेळघाटातली बरीच गावं गाभा क्षेत्रातून हलवून खाली सपाटीवर वसवली गेली. वाघ वाचावा याबद्दल दुमत नाही. मात्र लहान भाषेचा जीव तिच्या वस्तीच्या दाटीत असतो. दहा घरं सलग असली तर भाषा जगते; तीच दहा घरं तीन वसाहतींत विखुरली की शेजारणीशी बोलायला दुसरी भाषा लागते. झाडांची, कंदांची, पायवाटांची नावं तर जंगलाबाहेर कुणाला सांगायची? सपाटीवर त्या नावांची झाडंच नसतात.

*

हे लिहिताना मला वारंवार एक आफ्रिकन माणूस आठवत होता, ज्याला मी अर्थातच कधी पाहिलं नाही. कॅमेरूनमध्ये, नायजेरियाच्या सीमेजवळ मंबिला लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या भाषांना बांटॉइड म्हणतात. आफ्रिकेचा अर्धाअधिक दक्षिण भाग व्यापणाऱ्या बांटू भाषा याच गोतातल्या. म्हणजे निहालीच्या अगदी उलट : ज्यांना नातेवाईक मोजता येणार नाहीत इतके, अशा या भाषा. तिथे १९९४-९५ मध्ये ब्रूस कॉनेल नावाचा भाषाशास्त्रज्ञ फिरत होता. त्याला कासाबे नावाची भाषा बोलणारा एकच माणूस सापडला, बोगोन. आणखी कुणी बोलणारं बोगोनलाही माहीत नव्हतं. कॉनेल पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, उरलेले शब्द टिपायला परत गेला. बोगोन ५ नोव्हेंबर १९९५लाच वारला होता. डेव्हिड क्रिस्टल यांनी भाषामृत्यूवरच्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच ही हकीकत सांगितली आहे, त्यामुळे ती पुष्कळांना माहीत असते.

पुष्कळांना माहीत नसतो तो तिचा शेवटचा भाग. बोगोनच्या मागे त्याची एक बहीण होती. तिला कासाबे समजत होती, असं सांगतात. बोलता मात्र येत नव्हती. भाऊ होता तोवर तो बोलायचा आणि ती ऐकायची. मुलं-नातवंडं होती, त्यांना काहीच येत नव्हतं. गोत मोठं असून कासाबेला उपयोग झाला नाही. दूरच्या शेकडो भाषांशी नातं असणं हे पंडितांच्या कामाचं. चुलीपाशी उत्तर देणारं माणूस लागतं.

निहाली अजून त्या अवस्थेला पोचलेली नाही, हे ठासून सांगितलं पाहिजे. तिचे बोलणारे बोटांवर मोजण्याइतके नाहीत. शिवाय तिची नोंद कासाबेपेक्षा कितीतरी बरी झाली आहे. पुण्याच्या आशा मुंडले यांनी निहालांच्या वस्त्यांवरून गोळा केलेला निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये 'मदर टंग' या नियतकालिकाच्या अंकात आला. त्या अंकाचा बराच भाग निहालीलाच दिला होता, आणि निहाल कोण, ते काय बोलतात, असा साधा प्रश्न विचारणारा त्यांचा लेखही त्यात आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न सरळ निहालांकडे तोंड करून विचारणारं माणूस मराठी असावं, याचं मला बरं वाटतं. के. एस. नागराज यांनी आधी कोरकूचं व्याकरण केलं आणि मग निहालीचं. व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असं ते पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ मध्ये काढलं. एकाच अभ्यासकाने दोन्ही शेजारणींची घरं आतून पाहिल्यामुळे, काय कोरकूचं आणि काय निहालीचं, हे सांगण्याला वजन आलं. डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी निहालीच्या ध्वनिमुद्रणाचं आणि दस्तऐवजीकरणाचं काम केलं.

ही सगळी कामं इंग्रजीत आहेत. ती असायलाच हवीत. कायपरशी वाद घालायचा तर इंग्रजीतच घालावा लागतो. पण त्यामुळे झालं असं, की ॲमस्टरडॅमला निहाली वाचता येते आणि जळगाव जामोदच्या वाचनालयात येत नाही. हे पुस्तक ती उणीव थोडी भरून काढण्यासाठी आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. ध्वनींचे बारकावे, क्रियापदांची रूपं, कुळाचा वाद, यांत माझा शब्द शेवटचा मानू नये. पहिलाही मानू नये. देवनागरीत शब्द लिहिताना काही उच्चार सुटतात, काही उगाच ताठ होतात. निहालांपैकी कुणी हे वाचून 'असं नाही म्हणत आमच्यात' म्हणालं, तर त्याने पानावरच पेन्सिलीने दुरुस्ती करावी, आणि ती प्रत मला दाखवावी.

पुस्तकात निहालांची गोष्ट मराठीत सांगितली आहे, यातला विरोध मला दिसतो. ज्या भाषेच्या सावलीत निहाली आक्रसत गेली तिच्याच ओळीत मी तिला पुन्हा बसवतो आहे. निदान या वेळी ओळीची सुरुवात तरी तिच्या नावाने झाली, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे.

मागच्या उन्हाळ्यात डोंगराच्या कडेच्या एका वस्तीवर गेलो होतो. अंगणात एक म्हातारी चारोळ्या फोडत बसली होती. मी बसल्यावर तिने आत बघून काहीतरी म्हटलं. आतून आठ-नऊ वर्षांचा नातू उठला, उतरंडीजवळ गेला, लोटा भरून घेऊन आला आणि माझ्यापुढे धरला. मी त्याला विचारलं, आजी काय म्हणाली रे?

"पाणी दे म्हणे," तो म्हणाला.

तिच्या भाषेत कसं म्हणाली, असं विचारलं. तो आजीकडे पाहून हसला, खाली बघून अंगठ्याने माती उकरायला लागला. म्हातारी चारोळ्या फोडतच होती. तिने मान वर न करता तो शब्द पुन्हा एकदा म्हटला, या वेळी जरा मोठ्याने. पोरगा लोटा घेऊन पुन्हा आत गेला आणि पुन्हा भरून आणला.